आसफ फैझी : कायद्याच्या किताबाचीही साक्ष तपासणारा माणूस

पाथरीत जुनी उर्दू सराईतपणे वाचणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. त्यामुळे शाळा सुटली की माझ्या दारात कुणी ना कुणी कागद घेऊन उभा असतो. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. म्हणून आजही शेतीचा, घराचा, दर्ग्याच्या इनामाचा वाद निघाला की पेटीतून बैनामा निघतो, हिबानामा निघतो, मुंतखब निघतो. मी वाचून देतो. वकील नाही, फक्त अक्षर लावून देतो, हे आधीच सांगतो.

गेल्या वर्षी एक तरुण कागद नाही, मोबाईल घेऊन आला. वडील वारले होते. घरात आई, दोन भाऊ, तीन बहिणी. वडिलांनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर वसीयत करून घराचा एक भाग या धाकट्या मुलाच्या नावे ठेवला होता. त्यांची सेवा यानेच केली होती, हे सगळी गल्ली जाणते. बहिणींची मात्र संमती नव्हती. मोबाईलमध्ये कायद्याच्या एका पुस्तकाच्या पानाचा फोटो होता. वारसाच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, इतर वारसांच्या संमतीची गरज नाही, असा त्याचा अर्थ. पुस्तक खरं होतं, वाक्य खरं होतं, छपाई खरी होती. पण फोटो काढताना वरची ओळ कापली गेली होती, आणि ते मत कुणाचं हे त्याच ओळीत असतं. ते मत शिया कायद्याचं आहे. हे घर हनफी सुन्नी. हनफी कायद्यात वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर मान्य केली तरच चालते. एक ओळ कापली गेली आणि तीन बहिणींचा हक्क जायची वेळ आली.

तेव्हापासून मला आसफ अली असगर फैझी हे नाव सारखं आठवतं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते पाठ असतं, आपल्या समाजातल्या बाकीच्यांना मात्र फारसं माहीत नाही. या माणसाने आयुष्यातली बरीच वर्षं एकाच प्रकारच्या प्रश्नांत घालवली. समोर ठेवलेला ग्रंथ कुणाचा, कुणासाठी लिहिलेला, आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, आणि अदालत त्याला किती मानते?

फैझींचा जन्म १० एप्रिल १८९९ चा, माथेरानचा. घराणं मुंबईचं, सुलेमानी बोहरा, तय्यबजींच्या गोतावळ्यातलं. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतावळ्यातले. पुढे ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात जामीन त्यांनीच दिला. त्यांचे चिरंजीव फैज तय्यबजी यांनी मुस्लिम कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. अतिया फैझी आणि जंजिऱ्याच्या नाझली बेगम यासुद्धा फैझी घराण्यातल्याच. अशा घरात जेवणाच्या दस्तरख्वानवरही वकिली चालत असेल, असं मला वाटतं.

शिक्षण सेंट झेवियर्समध्ये, मग केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात. तिथे त्यांनी पौर्वात्य भाषांचा अभ्यास केला आणि बॅरिस्टरही झाले. हा जोड फार महत्त्वाचा. त्या काळी मुस्लिम कायदा चालवणारे बहुतेक वकील आणि न्यायाधीश यांना अरबी येत नव्हती, आणि अरबी येणाऱ्या बहुतेक आलिमांना इंग्रजी अदालतीचे निकाल वाचता येत नव्हते. फैझींना दोन्ही येत होतं. १९२६ पासून सुमारे बारा वर्षं त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली केली.

आता अदालतीत कोणते ग्रंथ चालत होते ते बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं की लग्न, वारसा वगैरे बाबतींत मुसलमानांना त्यांचाच कायदा लावायचा. पण इंग्रज न्यायाधीशाला तो कळणार कसा? सुरुवातीला अदालतीत काझी आणि मुफ्ती सल्ल्याला असत, १८६४ मध्ये ती पदं बंद झाली. मग उरली भाषांतरं. हनफी फिकहचा बाराव्या शतकातला नामांकित ग्रंथ हिदाया, मरगीनानींचा. कंपनीने काय केलं, आधी मौलवींकडून त्याचं अरबीतून फारसी करून घेतलं आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजी केलं. ते १७९१ मध्ये छापलं गेलं. फारसी करताना मौलवींनी जागोजागी खुलासे घातले होते. इंग्रजी वाचणाऱ्याला मूळ वाक्य कोणतं आणि खुलासा कोणता हे वेगळं काढता येईना. तरीही हे पुस्तक शंभर वर्षांहून जास्त काळ अदालतींत हिदाया म्हणूनच वाचलं गेलं. शिवाय हिदायात वारसाहक्काचा भाग नाहीच. त्यासाठी सिराजिया हा वेगळा ग्रंथ लागतो, त्याचं इंग्रजी विल्यम जोन्सने १७९२ मध्ये केलं. म्हणजे वारशाच्या भांडणात कुणी हिदायाचा हवाला दिला, तर आधी पान कोणतं ते विचारायला हवं.

कोकणातले आपले भाऊ शाफई. त्यांचा मान्य ग्रंथ इमाम नववींचा मिनहाज. त्याची इंग्रजी प्रत १९१४ मध्ये आली, तीही अरबीवरून नाही तर फ्रेंच भाषांतरावरून. एक अरबी-फारसी-इंग्रजी, दुसरी अरबी-फ्रेंच-इंग्रजी. शाळेत आम्ही कानगोष्टींचा खेळ घेतो, पहिल्या मुलाच्या कानात सांगितलेलं वाक्य शेवटच्या मुलापर्यंत कसं पोहोचतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मात्र त्या शेवटच्या मुलाच्या सांगण्यावर मेहर, तलाक आणि जमीन ठरत होती.

हे दुखणं ओळखणारे फैझी पहिले नव्हेत. अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती सय्यद महमूद, सर सय्यद यांचे चिरंजीव, १८८० च्या दशकातच मूळ अरबी ग्रंथ उघडून निकाल लिहीत होते. पण फैझींसमोरचा प्रश्न आणखी अवघड होता, कारण त्यांच्या स्वतःच्या जमातीचा कायद्याचा ग्रंथ अदालतीला माहीतच नव्हता.

बोहरे हे इस्माईली शिया. त्यांचा कायद्याचा मुख्य ग्रंथ दआइमुल इस्लाम, फातिमी खलिफा मुइज्ज यांच्या काळात काझी नुमान यांनी लिहिलेला. काझी नुमान ९७४ मध्ये इजिप्तमध्ये वारले. त्यांचा ग्रंथ हजार वर्षं हस्तलिखितांतच राहिला. जमातीत ही हस्तलिखितं जपून, बाहेरच्यांच्या नजरेआड ठेवली जात. छापील प्रत नाही, भाषांतर नाही. मग बोहऱ्यांचा खटला आला की अदालत शिया हा शब्द पाहायची आणि बारा इमाम मानणाऱ्या शियांचे ग्रंथ उघडायची. त्यांच्यातल्या शराइउल इस्लामचा इंग्रजी सारांश नील बेलीने १८६९ मध्ये दिलेला होता, तो हाताशी होता. हाताशी आहे म्हणून तोच लागू, असा तो प्रकार.

पण दोन्ही कायदे एक नाहीत. मुत्आ, म्हणजे ठरावीक मुदतीचं लग्न, इस्ना अशरी शियांमध्ये मान्य आहे, दआइममध्ये ते निषिद्ध आहे. आणि वारसाच्या नावे वसीयत? बारा इमामवाल्यांच्या कायद्यात एक तृतीयांशापर्यंत संमतीशिवाय चालते. इस्माईली कायदा इथे सुन्नींच्या बाजूने आहे, बाकीच्या वारसांची संमती लागते. माझ्याकडे आलेल्या त्या मोबाईलच्या फोटोचीच ही गोष्ट, फक्त तिथे वरची ओळ कुणा मुलाने कापली नव्हती. ती अदालतीच्याच डोळ्यांना दिसत नव्हती.

फैझींनी १९३३ मध्ये याच प्रश्नाला हात घातला. दआइममधला वसीयतीचा भाग त्यांनी अरबी मूळ आणि इंग्रजी भाषांतरासह छापला. त्याच साली मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन उभी राहिली, तिच्या स्थापनेत ते पुढे होते. रशियाहून आलेले इस्माईली साहित्याचे अभ्यासक इव्हानोव यांचं कामही या संस्थेने छापलं. एक वकील स्वतःच्या जमातीचा बंद पेटीतला ग्रंथ सगळ्यांसमोर ठेवतो, हे सोपं नव्हतं. पण ज्या ग्रंथावर तुमच्या लेकीबाळींचा हिस्सा ठरतो तो न्यायाधीशाने पाहिलेलाच नसेल, तर त्याचं पावित्र्य जपून त्या लेकीच्या हाती काय आलं?

हस्तलिखितांवरून पाठ नक्की करायचं काम कसं चालतं, हे मला शिक्षक म्हणून लगेच समजतं. परीक्षेत दोन मुलांच्या पेपरात एकच विचित्र चूक दिसली की आम्हाला कळतं, हे दोन पेपर नाहीत, एकच आहे. हस्तलिखितांचंही तेच. पाच प्रतींत एकच शब्द आहे म्हणून पाच साक्षीदार झाले असं नाही. त्या पाचही एकाच जुन्या प्रतीवरून उतरवल्या असतील तर साक्षीदार एकच. म्हणून प्रती मोजायच्या नसतात, त्यांचं मूळ शोधायचं असतं. कायद्याच्या पुस्तकांनाही हे तंतोतंत लागू पडतं. चार पाठ्यपुस्तकं एकच गोष्ट सांगतात, पण चौघांचा आधार हॅमिल्टनचं एकच पान असेल तर वजन एकाच पानाचं. आणि दोनशे ग्रुपवर फिरलेला एक मेसेज हा एकच मेसेज असतो, बरं का.

१९३८ मध्ये फैझी मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याआधी १९३५ पासून त्या खुर्चीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४७ पर्यंत फैझी तिथे होते. मुस्लिम कायद्याची रूपरेषा मांडणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये आलं आणि पुढे पिढ्यान् पिढ्या वकिलांच्या टेबलावर राहिलं.

वकिलीतून आणि शिकवण्यातून त्यांनी जे पक्कं केलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. एखादा ग्रंथ बरोबर आहे का, हा एक प्रश्न. आणि तो अदालतीवर बंधनकारक आहे का, हा अगदी वेगळा प्रश्न. आपल्याकडे या दोन्हींची नेहमी खिचडी होते. शरियत आणि इंग्रजी अदालतींतून तयार झालेला भारतातला मुस्लिम कायदा या दोन गोष्टी एकच समजू नयेत, हे त्यांनी ठासून मांडलं.

याचं सर्वांत झोंबणारं उदाहरण वक्फचं. आपल्या मुलाबाळांसाठी आणि वंश संपल्यावर गरिबांसाठी केलेला वक्फ, म्हणजे वक्फ अलल औलाद, फिकहच्या ग्रंथांत मान्य होता. १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो रद्द ठरवला. गरिबांपर्यंत तो पोहोचणार कधी, म्हणून हा दानधर्म नाहीच, असा त्यांचा हिशेब. आलिम म्हणत होते ग्रंथात आहे, आणि ते खरं होतं. पण देशातल्या प्रत्येक अदालतीवर बंधन प्रिव्ही कौन्सिलचं होतं, ग्रंथाचं नाही. घरंच्या घरं अडचणीत आली. शिबली नोमानींनी मोहीम चालवली, जिनांनी विधेयक मांडलं आणि १९१३ च्या कायद्याने असा वक्फ पुन्हा वैध झाला. तरी जुन्या वक्फांचा प्रश्न लटकला, म्हणून १९३० मध्ये आणखी एक कायदा करून तो मागील काळालाही लागू करावा लागला. ग्रंथ बरोबर असूनही हुकूम चालतो तो निकालाचा, आणि निकाल बदलायचा तर वरचं कोर्ट लागतं किंवा कायदेमंडळ लागतं. सभेत कितीही हदीस वाचल्या तरी तहसीलदाराचा फेरफार त्याने बदलत नाही.

याच प्रिव्ही कौन्सिलने १८९७ मध्ये उलट्या बाजूनेही एक गोष्ट सांगून ठेवली होती. जुन्या मान्यवर भाष्यकारांनी केलेल्या अर्थाविरुद्ध जाऊन अदालतीने कुराणाच्या आयतीचा स्वतःचा अर्थ लावू नये. तो खटला विधवेच्या पोटगीचा होता. म्हणजे ग्रंथालाही अदालतीत जागा आहे, पण कायदा आणि वरच्या कोर्टाचा निकाल यांच्या खाली. त्याच्याही खाली पाठ्यपुस्तक. आणि फतवा? तो विचारणाऱ्याला दिलेला दिनी सल्ला आहे, त्याची इज्जत मोठी, पण अदालतीचा हुकूम तो नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९४९ ते १९५२ फैझी इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. १९५१ मध्ये त्यांनी संपादित केलेला दआइमचा पहिला खंड कैरोत छापला गेला. फातिमींनी वसवलेल्या शहरात, ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर पावणेदहा शतकांनी, मुंबईच्या एका बोहरा वकिलाच्या हातून! दुसरा खंड १९६० मध्ये आला. मधल्या काळात ते केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य होते, मग जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९६५ मध्ये त्यांनी भारत आणि पाकिस्तानातल्या महत्त्वाच्या निकालांचं संकलन काढलं, म्हणजे विद्यार्थ्याने सारांशावर न विसंबता निकाल स्वतः वाचावा.

त्यांच्या सगळ्या मतांशी आपण सहमत व्हावं असं मी म्हणणार नाही. १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या इस्लामविषयक पुस्तकात त्यांनी दीन आणि कायदा वेगळे करून पाहण्याची भूमिका मांडली, ती अनेक उलमांना मान्य झाली नाही. मलाही त्यातलं सगळं पटत नाही. पण मत पटो न पटो, त्यांनी ठेवलेला आधार कुणीही उघडून तपासू शकतो. आपल्या अनेक वक्त्यांबद्दल हे म्हणता येत नाही.

त्यांच्या पश्चात आपल्या मराठवाड्यातच याचा एक मोठा पडताळा आला. नवरा कारण न देता केव्हाही तलाक देऊ शकतो, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा छापलं गेलं होतं की तेच शरियत वाटू लागलं. लातूरकडच्या एका प्रकरणात २००२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने मूळ आधार पुन्हा तपासला. वाजवी कारण हवं, दोन्हीकडच्या पंचांनी आधी समेटाचा प्रयत्न केलेला हवा आणि हे सगळं पुराव्याने सिद्ध करायला हवं, असा निकाल दिला. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानेही तलाक दिला होता असं नुसतं कैफियतीत लिहून भागत नाही असं ठरवलं. कित्येक बायकांच्या पोटगीचा फैसला यावर होता.

फैझी १९८१ मध्ये वारले. त्यांनी जमवलेली इस्माईली हस्तलिखितं त्यांनी १९५७ मध्येच मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली होती, त्यांची वर्णनात्मक सूची १९६५ मध्ये छापली गेली. दआइमचं त्यांनी हाती घेतलेलं इंग्रजी भाषांतर इस्माईल पूनावाला यांनी तपासून, सुधारून पुरं केलं. ते २००२ आणि २००४ मध्ये दोन खंडांत आलं.

तो तरुण पंधरा दिवसांनी परत आला. मी त्याला परभणीच्या वकिलाकडून त्याच पानाची पूर्ण झेरॉक्स आणायला सांगितलं होतं. वरची ओळ त्याने स्वतःच वाचली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, सर, मग वाटण्या कशा पडतात? मी पोरांच्या वहीतलं एक पान फाडलं आणि घराचे आठ भाग आखले. एक अम्मीचा, दोन-दोन दोघा भावांचे, एक-एक तिघी बहिणींचा. हे सुद्धा माझ्या शब्दावर घेऊ नकोस म्हटलं, आधी मुफ्तीसाहेबांना दाखव, मग वकिलाला. तो कागद घडी करून खिशात घालून गेला.